पाणी आलटून-पालटून : भाताच्या खाचरातील मिथेन कमी करण्याचा माझा अनुभव

भातशेतीत आयुष्य घालवणाऱ्या माणसालाही आपल्या खाचरातून हवेत काय जाते याची कल्पना सहसा नसते. ट्रॅक्टरचा धूर दिसतो, पंपाचा आवाज ऐकू येतो, पेटवलेल्या पेंढ्याचे लोट लांबून दिसतात. पण साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात पाय रोवला की जे बुडबुडे वर येतात, त्यांत मिथेन असतो, आणि या वायूला ना रंग असतो ना वास. माणसाच्या व्यवहारांतून जगभर जेवढा मिथेन हवेत जातो, त्यातला सुमारे 8 टक्के भातशेतीतून जातो. हा वायू हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत फार कमी काळ. परंतु तेवढ्या काळात तो इतकी उष्णता धरून ठेवतो की शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा परिणाम त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या 27 पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे 80 पट भरतो. याचा दुसरा अर्थ मला अधिक महत्त्वाचा वाटला. आज मिथेन कमी केला तर त्याचा गुण आपल्याच हयातीत दिसू शकतो. हे समजल्यावर मी माझ्या शेतातल्या पाण्याची पद्धत बदलायचे ठरवले. त्या बदलात काय काय करावे लागले, कुठे मन धजावत नव्हते आणि शेतात प्रत्यक्ष काय घडले, ते येथे नोंदवत आहे.

आधी मातीत काय घडते ते नीट समजून घेतले, कारण कारण कळल्याशिवाय पाणी तोडण्याचे धैर्य आले नसते. खाचरात पाणी भरले की वरून हवा मातीत शिरणे जवळजवळ बंद होते. मातीत उरलेला ऑक्सिजन सूक्ष्मजीव थोड्याच वेळात संपवतात. त्यानंतर ते नायट्रेट, मग मँगनीज, लोह आणि सल्फेट यांच्या आधारे आपला श्वसनव्यवहार चालवतात, आणि हे सगळे साठे संपत आले की मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. त्यांना ऑक्सिजन सोसत नाही. कुजणारा पेंढा, मागच्या पिकाची धसकटे आणि भाताच्या मुळांतून झिरपणारी द्रव्ये हे त्यांचे खाद्य असते. शेतातून हवेत जाणाऱ्या मिथेनचा मोठा भाग बुडबुड्यांतून नव्हे, तर भाताच्या रोपातूनच बाहेर पडतो. पाण्यात उभ्या असलेल्या मुळांना हवा पोहोचवण्यासाठी भाताच्या खोडात ज्या पोकळ नळ्या असतात, त्याच वाटेने हा वायू उलट दिशेने वर येतो. म्हणजे ज्या रचनेमुळे भात पाण्यात तग धरतो, तीच या वायूची चिमणी ठरते. त्यावर उपाय एकच आहे आणि तो समजायला सोपा आहे : माती सलग पाण्याखाली ठेवायची नाही, तिला अधूनमधून हवा मिळू द्यायची. मिथेन तयार करणारी साखळी तेवढ्याने तुटते आणि पुन्हा पाणी भरले तरी ती लगेच पूर्ववत होत नाही.

या पद्धतीला आलटून-पालटून ओलावणे आणि सुकवणे म्हणतात, आणि तिच्या प्रसाराचे मोठे काम फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने केले आहे. मुळात ती पाणी वाचवण्यासाठी पुढे आणली गेली. सिंचनाच्या पाण्यात तीस टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, हे तिचे पहिले आकर्षण होते. मिथेनची घट हा तिचा दुसरा गुण असला, तरी माझ्या दृष्टीने तो पहिला होता.

सगळे शेत एकदम या पद्धतीखाली आणायचे नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवले. ज्या खाचरांत पाणी आपल्या हाताने आत घेता येते आणि आपल्या हाताने बाहेर काढता येते, तीच निवडली. शेताच्या खालच्या अंगाला एक सखल तुकडा आहे, तेथे वरच्या सगळ्या खाचरांचा पाझर उतरतो. तो हंगामभर ओलाच राहतो, म्हणून तो बाजूला ठेवला. निवडलेल्या खाचरांत सर्वांत जास्त मेहनत सपाटीकरणावर गेली. या कामाबद्दल लिहिताना बहुतेक जण मातीतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळीबद्दल बोलतात. माझ्या मते मात्र खरी कसोटी जमिनीच्या पातळीची आहे. खाचर एका कोपऱ्यात चार बोटे खोल आणि दुसऱ्या कोपऱ्यात चार बोटे उंच असेल, तर उंच भागातले रोप तहानलेले असते तेव्हा खोल भागात अजून पाणी उभे असते. मग शेतकरी उंच भागाकडे पाहून पाणी सोडतो, खोल भागाला हवा कधी मिळतच नाही आणि मिथेन तेथून निघतच राहतो. चिखलणीपूर्वी कोरड्या जमिनीत उंचवटे कापून सखल भागात माती ओढली, चिखलणीनंतर फळी फिरवून पुन्हा पातळी तपासली. बांधांची भोके, विशेषतः खेकड्यांनी आणि उंदरांनी केलेली, चिखलाने लिंपून बंद केली, कारण पाणी गळून गेले की आपण सुकवले आणि आपोआप सुकले यातला फरकच कळेनासा होतो.

पेंढ्याचा प्रश्न त्याहून आधी सोडवावा लागला. मागच्या पिकाची धसकटे आणि थोडा पेंढा लावणीच्या तोंडावर चिखलात गाडण्याची आमची जुनी रीत होती. जमिनीला सेंद्रिय पदार्थ मिळतो, हे तिच्यामागचे कारण होते आणि ते खरेही आहे. परंतु पाण्याखाली ताजा पेंढा गाडणे म्हणजे मिथेन तयार करणाऱ्या जिवांपुढे ताट वाढून ठेवणे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या 2019 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत हा फरक आकड्यांत मांडला आहे. लागवडीआधी 30 दिवसांच्या आत गाडलेल्या पेंढ्याचा गुणांक 1 धरला आहे, तर त्याहून बराच आधी गाडलेल्या पेंढ्याचा 0.19 आणि कंपोस्टचा 0.17. तोच पेंढा, तीच जमीन, पण कोरड्या मातीत हवेच्या सान्निध्यात आधी कुजून गेला तर मिथेनच्या हिशेबात त्याचे वजन सुमारे पाचव्या हिश्श्याइतकेच धरले जाते. म्हणून कापणी झाल्यावर जमिनीत थोडी ओल असतानाच नांगरट केली आणि धसकटे मातीआड केली. मोकळा पेंढा ढीग लावून शेणाबरोबर कुजवला. ढिगाला अधूनमधून पालथे घातले, कारण हवा न मिळालेला खताचा ढीगसुद्धा मिथेन सोडतो. पेंढा जाळण्याचा विचार मी कधीच केला नव्हता. जाळण्याने मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे दोन्ही वायू थेट हवेत जातात, काजळी जाते ती वेगळीच, आणि पेंढ्यातल्या नत्राचा बहुतेक भाग व गंधकाचा काही भागही हातचा जातो. हिरवळीच्या खताबाबत मात्र माझ्या मनात अजून ओढाताण आहे. ढैंचासारखे पीक लावणीच्या तोंडावर गाडले की नत्र मिळते, जमीन भुसभुशीत होते, पण कोवळा हिरवा पाला पाण्याखाली गेल्यावर मिथेनही वाढवतो. तूर्त मी ते या खाचरांत थांबवले आहे.

नळी तयार करणे हे सगळ्या कामातले सोपे काम. सुमारे 30 सेंटिमीटर लांबीचा, हात आत घालून माती काढता येईल एवढ्या रुंदीचा प्लॅस्टिकचा पाइप घेतला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला चहूबाजूंनी भोके पाडली. लावणीनंतर तो मातीत अशा रीतीने ठोकला की भोके पाडलेला भाग मातीत राहील आणि वरचा भाग बाहेर. मग आतली माती तळापर्यंत उपसून काढली. भोकांतून पाणी आत येते आणि नळीतली पाण्याची पातळी म्हणजे मातीतली पाण्याची पातळी, असा हा साधा व्यवहार आहे. आत आणि बाहेर पाणी उभे असताना दोन्हीकडची पातळी सारखी आहे की नाही ते पाहून घेतले. ती सारखी नसेल तर भोके चिखलाने बुजली आहेत असे समजून नळी धुऊन पुन्हा बसवावी लागते. नळी बांधाजवळ, सहज पाहता येईल अशा ठिकाणी, पण खाचराची सरासरी पातळी दाखवेल अशा जागी असावी. अगदी बांधालगत बसवली तर पाझरामुळे ती खोटे सांगते.

लावणीनंतरचा पहिला पंधरवडा पाणी तोडले नाही. रोपे रुजण्यासाठी त्याची गरज असते आणि तण दाबून ठेवण्यासाठी तर ती अधिकच असते. भाताच्या शेतात पाणी उभे ठेवण्यामागे पिढ्यानपिढ्यांचे जे शहाणपण आहे, त्याचा मोठा भाग तणाशी निगडित आहे, ही गोष्ट या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्यांनी कमी लेखू नये. पाणी लवकर तोडले की तण भाताच्या आधी उठते. त्यामुळे पहिली बेणणी होऊन शेत स्वच्छ झाल्यावरच मी पाण्याची वाट बंद केली.

मग वाट पाहणे सुरू झाले. उभे पाणी हळूहळू कमी झाले, मातीचा पृष्ठभाग उघडा पडला, चिखलावर चमक राहिली आणि मग तीही गेली. ज्याने जन्मभर भात पाण्यात पाहिला आहे, त्याला हे दृश्य सोसवत नाही. वडील बांधावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, जमीन उघडी पडली. आता तरी पाणी सोड." मी त्यांना नळीपाशी नेले आणि आत पाहायला सांगितले. वर माती सुकलेली दिसत होती, पण नळीत जेमतेम चार-पाच सेंटिमीटर खाली पाणी स्वच्छ दिसत होते. "मुळं तिथवर गेली आहेत, बाबा. त्यांना पाणी मिळतंय," असे मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर रोज सकाळी नळीत डोकावून पाहण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. त्यांची शंका अनाठायी नव्हती. उभे पाणी हा शेतकऱ्याचा विमा असतो. पुढचे पाणी केव्हा मिळेल याची खात्री नसेल तर कोणीही ते सोडून देणार नाही. माझ्याकडे हवे तेव्हा पाणी घेण्याची सोय होती, म्हणून मला हा प्रयोग करता आला.

या पद्धतीतली मर्यादा ठरलेली आहे. नळीतले पाणी जमिनीच्या पृष्ठभागापासून 15 सेंटिमीटर खाली गेले की पुन्हा पाणी द्यायचे आणि ते सुमारे 5 सेंटिमीटर उभे राहील इतके भरायचे. या मर्यादेत राहिले तर उत्पादनाला धक्का लागत नाही, असा वेगवेगळ्या देशांतील प्रयोगांचा अनुभव आहे. त्याच्या खाली जाऊ दिले, तर मात्र पिकाला ताण बसू लागतो. किती दिवसांनी पाणी द्यायचे याचे वेळापत्रक नसते. भारी चिकणमातीत पाणी खाली जायला बराच काळ लागतो, हलक्या जमिनीत ते लवकर उतरते, ढगाळ दिवसांत थांबते, वाऱ्याच्या आणि उन्हाच्या दिवसांत धावते. कॅलेंडर पाहून पाणी देणारा माणूस या पद्धतीत फसतो. मी सुरुवातीच्या पाळ्यांमध्ये पूर्ण 15 सेंटिमीटरपर्यंत न जाता थोडे आधीच पाणी दिले आणि पिकाची पाने, फुटव्यांची संख्या व दुपारच्या वेळी पाने गुंडाळतात का, हे पाहत मर्यादेपर्यंत गेलो. चिकणमातीला बोटभर भेगा पडण्याआधी पाणी देणे चांगले, हे माझे निरीक्षण आहे, कारण खोल भेगा पडल्या की पुढच्या पाण्याचा बराच भाग त्या भेगांतून थेट खाली निघून जातो आणि पाण्याची बचत तेथेच संपते.

दुसऱ्या पाळीनंतर एक रोप उपटून पाहिले, तेव्हा मुळे पूर्वीपेक्षा खोल गेलेली आणि पांढरी होती. सतत पाण्यातल्या खाचरातल्या मुळांवर लोहाचा तांबूस लेप आणि काही ठिकाणी काळेपणा होता. फुटवे जोमदार होते. हंगामाच्या शेवटी वाऱ्यात लोळण्याचे प्रमाणही या खाचरांत कमी राहिले. मात्र पाणी उभे नसलेल्या काळात तण नव्याने डोके वर काढते, त्यामुळे एक खुरपणी अधिक करावी लागली. हा खर्च खरा आहे आणि तो लपवून या पद्धतीची शिफारस करणे मला योग्य वाटत नाही.

आता नत्राकडे वळतो, कारण मिथेनइतकेच लक्ष मला तेथे द्यावे लागले. मातीला हवा मिळाली की मिथेन थांबतो, पण दुसऱ्या एका वायूचे दार उघडते. युरिया मातीत गेल्यावर त्याचे अमोनियम होते. पाण्याखालच्या हवाहीन मातीत हे अमोनियम तसेच टिकून राहते आणि भात ते घेत राहतो. माती सुकली आणि हवा आत आली की सूक्ष्मजीव त्याच अमोनियमचे नायट्रेट करतात. पुन्हा पाणी भरले की दुसरे सूक्ष्मजीव त्या नायट्रेटमधला ऑक्सिजन काढून घेतात आणि या दोन्ही टप्प्यांत नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू हवेत शंभरहून अधिक वर्षे टिकतो, शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट असतो आणि ओझोनच्या थरालाही तो हानी पोहोचवतो. म्हणजे ओलावण्या-सुकवण्याचा हा खेळ नीट खेळला नाही, तर एका वायूत कमावलेले दुसऱ्या वायूत गमावण्याची शक्यता असते. पाणी आणि नत्र ही दोन वेगळी कामे नाहीत, हे या हंगामात माझ्या मनावर ठसले.

म्हणून खत देण्याची रीतच बदलली. पूर्वी उभ्या पाण्यात युरिया फेकला जायचा. दिवसा शेवाळामुळे पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि अशा पाण्यातून अमोनिया उडून जातो, त्यामुळे या रीतीत नत्राचा नाश मोठा होतो. आता पाणी देण्याची वेळ आली की, म्हणजे माती सुकलेली असतानाच, युरियाचा हप्ता टाकायचा आणि लगेच पाणी सोडायचे. पाण्याबरोबर युरिया मातीत खोल उतरतो. त्यानंतर काही दिवस पाणी मुद्दाम टिकवून ठेवायचे, जेणेकरून पीक ते अमोनियम उचलून घेईल आणि पुढच्या सुकण्याच्या वेळी मातीत नायट्रेट होण्यासाठी फारसे नत्र शिल्लक राहणार नाही. खत देऊन लगेच शेत सुकवणे, ही या पद्धतीतली सर्वांत टाळण्यासारखी गोष्ट आहे. एकदाच भरपूर देण्याऐवजी पिकाच्या गरजेप्रमाणे विभागून दिले आणि हप्ता द्यायचा की नाही हे पानाच्या रंगाच्या तक्त्यावरून ठरवले. पान सावलीत धरून तक्त्याशी ताडून पाहायचे; रंग ठरलेल्या पट्टीपेक्षा फिका असेल तरच खत. एका हप्त्याच्या वेळी पाने पुरेशी हिरवी दिसली, म्हणून तो हप्ता कमी केला. न टाकलेल्या युरियातून शेतात नायट्रस ऑक्साइड निघत नाही आणि तो कारखान्यात तयार करताना जळणाऱ्या इंधनाचा भारही वाचतो. एका खाचरात युरियाच्या गोळ्या चार रोपांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचल्या. खोलवरच्या मातीत अमोनियम सुरक्षित राहते, त्यामुळे परिणाम चांगला दिसला, परंतु हे काम वाकून हाताने करावे लागते आणि मोठ्या क्षेत्रावर यंत्राशिवाय ते पेलणारे नाही.

हिशेब जुळतो की नाही हे मी कागदावर मांडून पाहिले. आयपीसीसीच्या तत्त्वांत सलग पाणी असलेल्या भातासाठी जगभराची सरासरी म्हणून दर हेक्टरी दर दिवशी 1.19 किलो मिथेन धरला आहे. पीक शेतात 110 दिवस उभे राहिले असे समजले, तर हेक्टरी सुमारे 131 किलो मिथेन होतो, म्हणजे 27 च्या पटीने साडेतीन टन कार्बन डायऑक्साइडइतका भार. हंगामात अनेक वेळा पाणी तोडले तर त्याच तत्त्वांनुसार गुणांक 0.55 लागतो, म्हणजे 45 टक्के घट, ती सुमारे 1,590 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी भरते. नायट्रस ऑक्साइडसाठी सलग पाण्यात दिलेल्या नत्राचा 0.3 टक्के आणि पाणी तोडलेल्या शेतात 0.5 टक्के भाग या वायूच्या रूपाने जातो असे धरले आहे. हेक्टरी 100 किलो नत्र दिले तर या फरकाचा भार सुमारे 86 किलो कार्बन डायऑक्साइडइतका येतो. सरासरीच्या हिशेबात लाभ स्पष्टपणे मोठा आहे. तरीही ही सरासरी आहे. प्रत्यक्ष शेतात जास्त युरिया, चुकीच्या वेळी, सुकत्या जमिनीवर पडला तर हा दुसरा आकडा कितीतरी वर जाऊ शकतो.

प्रत्यक्ष मोजणी पाहण्याची संधीही मिळाली, आणि हा या हंगामातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे. कृषी संशोधन करणाऱ्या काही मंडळींनी माझ्या खाचरांत वायूचे नमुने घेतले. लावणीच्या सुमारासच मातीत चौकोनी पाया बसवून ठेवला होता आणि त्याच्याकडे जायला फळ्यांची वाट केली होती, कारण चिखलात पाय पडला की दबलेले बुडबुडे सुटतात आणि मोजणी बिघडते. नमुन्याच्या दिवशी त्या पायावर पारदर्शक पेटी रोपांसह झाकली जाई, आतली हवा छोट्या पंख्याने ढवळली जाई आणि ठरावीक अंतराने सिरिंजने हवा काढून काचेच्या कुप्यांत भरली जाई. अर्ध्या तासात पेटीतला मिथेन किती वेगाने वाढला, यावरून शेत दर तासाला किती वायू सोडते ते काढतात. नमुने सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान घेत, कारण त्या वेळचे मातीचे तापमान दिवसाच्या सरासरीजवळ असते. कुप्या प्रयोगशाळेत जात आणि गॅस क्रोमॅटोग्राफ या वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर त्यांचे विश्लेषण होई.

निकालांचे आलेख पाहताना मातीबद्दल वाचलेले सगळे डोळ्यांसमोर आले. सलग पाण्याच्या खाचरात मिथेन फुटव्यांच्या काळापासून चढत गेला होता. सुकवलेल्या खाचरात, पाणी उतरू लागताच आधी थोडा उसळला, कारण चिखलात अडकलेला वायू पाण्याचा दाब कमी झाल्यावर सुटतो, आणि मग खाली आला तो पुन्हा पाणी भरल्यावरही बराच काळ खालीच राहिला. नायट्रस ऑक्साइडचे वागणे अगदी वेगळे होते. बहुतेक दिवस तो जवळजवळ नसल्यासारखा, आणि खतानंतरच्या एखाद्या सुकण्याच्या वेळी अचानक टोकदार उंची. असे टोक थोड्याच काळाचे असते. नेमक्या त्या दिवशी नमुना घेतला नाही तर ते नोंदलेच जात नाही. म्हणून नमुने कमी घेऊन नायट्रस ऑक्साइड वाढत नाही असा निष्कर्ष कोणी काढला, तर मी आता त्यावर सहज विश्वास ठेवणार नाही.

पोटरी भरू लागली, म्हणजे खोडात लोंबी धरू लागली, तेव्हा सुकवणे पूर्ण थांबवले. फुलोऱ्याच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा खाचरात पाणी उभे ठेवले. या काळात पाण्याचा ताण पडला तर परागीभवन बिघडते, लोंब्यांत पळींज, म्हणजे पोकळ दाणे, वाढते आणि ते नुकसान नंतर कितीही पाणी दिले तरी भरून येत नाही. हवामानासाठी काही करायचे म्हणून पिकाच्या सर्वांत नाजूक काळात त्याला तहानलेले ठेवणे योग्य नाही. उत्पादन घटले तर तेवढाच तांदूळ दुसऱ्या कुठल्या तरी जमिनीतून काढावा लागेल आणि त्याचेही उत्सर्जन होईलच. दाणे भरू लागल्यावर पुन्हा नळी पाहून पाणी दिले आणि कापणीच्या बरेच आधी पाण्याची वाट कायमची बंद केली.

मळणीनंतर दोन्ही प्रकारच्या खाचरांचे धान्य वेगवेगळे मोजले. उत्पादन जवळपास सारखेच आले. पंप चालवण्याचे तास लक्षात येण्याइतके कमी झाले होते, आणि त्याबरोबर इंधनही. तांदळातील आर्सेनिक सतत पाण्यातल्या शेतात वाढते आणि माती सुकवल्याने कमी होते, हा या पद्धतीचा आणखी एक गुण आहे. परंतु जेथे मातीत कॅडमियम आहे तेथे सुकवण्याने तो पिकात अधिक शिरू शकतो, म्हणून अशा जमिनीच्या शेतकऱ्यांनी माती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मी आवर्जून सांगेन.

पावसाने काही वेळा आमचे नियोजन बाजूला सारले. माती सुकत आली असता जोराची सर आली की नळी पुन्हा भरायची. अशा वेळी बांधाची मोरी उघडून पाणी काढता आले तर काढले, पण नुकतेच खत दिलेले असेल तर ते पाणी बाहेर सोडले नाही, कारण त्याबरोबर नत्र ओढ्याला जाते आणि नायट्रस ऑक्साइड शेताऐवजी तेथे तयार होतो. सलग पावसाच्या प्रदेशात अनेकदा सुकवणे शक्य होणार नाही, हे उघड आहे. मात्र फुटव्यांच्या काळात एकदा जरी शेताला नीट हवा मिळाली तरी उपयोग होतो, कारण आयपीसीसीच्या तत्त्वांत केवळ एकदा पाणी तोडलेल्या शेतालाही 0.71 हा गुणांक आहे. जेथे पाणी सामाईक पाटातून पाळीने येते, तेथे अडचण वेगळी असते. पाळी चुकली तर पुढची केव्हा येईल याची खात्री नसलेल्या शेतकऱ्याला नळी देऊन भागणार नाही. तेथे पाणी सोडणाऱ्यांनीच पाळ्या अशा आखायला हव्यात की शेत सुकवणाऱ्याला वेळेवर पाणी मिळेल. शिवाय ज्या ठिकाणी पाणीपट्टी क्षेत्रावर घेतात, तिथे पाणी वाचवणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही.

एक चिंता मात्र मी सोडलेली नाही. माती वारंवार वाफशावर येते तेव्हा तिच्यातले सेंद्रिय पदार्थ पाण्याखालच्या मातीपेक्षा वेगाने कुजतात, आणि वर्षानुवर्षे असे चालले तर मातीतला कर्ब (कार्बन) कमी होण्याची भीती असते. त्यासाठीच पेंढ्याचे कंपोस्ट त्याच खाचरांत परत टाकतो आणि दर काही हंगामांनी सेंद्रिय कर्बाची तपासणी करून घेण्याचे ठरवले आहे. तपासणीसाठी माती प्रत्येक वेळी त्याच खाचरातून, त्याच खोलीवरून आणि वर्षाच्या त्याच सुमारास घेतो, नाहीतर आकड्यांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

पुढच्या हंगामात सपाटीकरण झालेली आणखी काही खाचरे या पद्धतीखाली येतील. सखल तुकड्याचे पाणी मला तोडता येणार नाही, तेव्हा तेथे दुसरे दोन उपाय करतो आहे : पेंढा तेथे मुळीच गाडायचा नाही, फक्त पूर्ण कुजलेले खत घालायचे, आणि उशिरा येणाऱ्या वाणाऐवजी लवकर येणारे वाण लावायचे, म्हणजे जमीन पाण्याखाली राहण्याचे दिवसच कमी होतील. त्या वाणाचे बियाणे मी या वर्षीच्या पिकातून निवडून ठेवले आहे.